होमस्टेचे नियम कसे लिहावेत: आमच्या ३१ नियमांचे ७ कसे झाले

सकाळी सव्वानऊला चहाचा ट्रे घेऊन मी वर गेले, तर कोल्हापूरहून आलेल्या आजी गुडघ्यावर बसून आमची फरशी पुसत होत्या. हातात स्वतःच्या जुन्या साडीचा तुकडा, एका गुडघ्याला पट्टा बांधलेला. आजोबा कॉटवर बसून चादरीच्या घड्या घालत होते, काठाला काठ लावून. मी ट्रे तसाच खाली ठेवला. "अहो आजी, काय करताय हे?" त्यांनी दाराच्या मागे लावलेल्या कागदाकडे बोट दाखवलं. "तुमीच लिवलंय न्हवं बाई? खोली होती तशी करून जावी. नऊ नंबर."

त्यांनी नंबरासकट वाचलं होतं. आणि त्यांच्याकडून साफसफाईचे ३०० रुपये आम्ही आदल्या दिवशीच घेतले होते.

त्या दुपारी मी तो लॅमिनेट केलेला कागद काढला. ३१ नियम होते. लिहिणारे आमचे हे. सगळी नोकरी सरकारी कचेरीत गेली, त्यामुळे भाषा परिपत्रकाची. "सबब", "अन्यथा", "सक्त मनाई", "याची कृपया नोंद घ्यावी". मी तेव्हा काही बोलले नव्हते, उलट त्यातले आठ-दहा नियम मीच सुचवले होते. नऊ नंबर माझाच.

आमचं घर सोलापुरात, विजापूर रोडपासून आत आहे. खाली आम्ही दोघं, वर दोन खोल्या, लहानसं स्वयंपाकघर आणि गच्ची. मुलगी पुण्याला गेल्यावर वरचा मजला नुसता धूळ खात होता. तिनेच फोटो काढून ऑनलाइन टाकला. "सोलापुरात फिरायला कोण येणार?" असं हे म्हणाले होते. फिरायला फारसं कुणी येतही नाही, पण इथे मुक्काम टाकून अक्कलकोट, तुळजापूर, पंढरपूर, गाणगापूर करणारे भरपूर येतात. अक्कलकोट ४० किलोमीटर, तुळजापूर ४५, पंढरपूर ७०-७५, म्हणजे मध्ये सोलापूर पडतंच. शिवाय दवाखान्यात माणूस ॲडमिट असलेले नातेवाईक, परीक्षेला आलेली पोरं, लग्नाचं वऱ्हाड, हिवाळ्यात हुरड्याला येणारे, आणि नान्नजच्या अभयारण्यात माळढोक पक्षी दिसेल या आशेने मोठमोठे कॅमेरे घेऊन येणारे. माळढोक दिसला म्हणणारा अजून एकही माझ्याकडे उतरलेला नाही. काळवीट मात्र सगळ्यांना दिसतं.

माझ्यासारखं ज्यांनी घरातच हे सुरू केलंय, त्यांच्यासाठी हे लिहितेय. उतरणाऱ्यांनीही वाचायला हरकत नाही, त्यांच्यासाठी शेवटी थोडं आहे.

वहीत दोन रकाने पाडा

डावीकडे नियम, उजवीकडे कारण. कारण एका ओळीत, आणि पाहुण्याच्या तोंडावर सांगता येईल असं. आम्ही दोघं ३१ नियम घेऊन बसलो तेव्हा भांडणं झाली, पण काम झालं.

"भिंतीला टेकून बसू नये." कारण? एकदा एका गृहस्थांच्या डोक्याच्या तेलाचा डाग पडला होता. एकदाच, एका माणसाचा. त्यासाठी पुढच्या दोनशे माणसांनी पाठ ताठ ठेवून बसायचं का? खोडला. "एकदा असं झालं होतं" एवढंच कारण असलेले अकरा नियम निघाले. ते वाचताना नियमावली कमी आणि आमच्या रागाची डायरी जास्त वाटत होती. पाहुण्याला त्यातलं काही माहीत नसतं, त्याला फक्त दिसतं की हे लोक आपल्याला आधीच गुन्हेगार धरून बसलेत.

"खिडकीत ओले कपडे वाळत घालू नयेत." कारण: समोरच्या काकू बोलल्या होत्या. कारण खरं आहे, पण मग कपडे वाळवायचे कुठे? आम्ही दोरीच दिली नव्हती. गच्चीत दोन दोऱ्या बांधल्या, चिमट्यांची पिशवी अडकवली, नियम गेला. बरेच नियम असे वस्तू आणून जातात. म्हणून नियम लिहिण्याआधी दुकानात जाऊन या. दारात पायपुसणं टाकलं की "पाय पुसून आत यावे" लिहावं लागत नाही. कोजागरीला सोलापूरहून तुळजापूरला लोक रात्रभर चालत जातात. त्यातले काही परतीच्या एसटीने येऊन आमच्याकडे पाठ टेकतात. त्यांच्या तळव्यांना फोड आलेले असतात आणि पाय गुडघ्यापर्यंत धुळीने भरलेले. त्या दिवशी मी जिन्याच्या खाली बादली, मग आणि जुना टॉवेल ठेवते. कोरड्या भाषेतली सूचना त्यांना कोण वाचायला लावणार?

पाणी: जो नियम सोलापुरात लागतोच

पुण्या-मुंबईच्या माणसाला हे पटत नाही. आम्हाला पाणी उजनीचं, धरण भरल्याची बातमी टीव्हीवर येते, आणि तरी आमच्या भागात नळाला चार-पाच दिवसांआड पाणी. कधी सुटेल तेही नक्की नाही. रात्री दोनला आलं तर दोनला उठायचं. हौद भरायचा, मोटर लावायची, वरची टाकी भरायची. बोअर आहे, पण पाणी खारं, साबणाला फेस येत नाही.

आमचा जुना नियम होता: "पाण्याचा अपव्यय करू नये. शॉवरचा वापर शक्यतो टाळावा." आणि बाथरूममध्ये चांगला ताटाएवढा शॉवर लावलेला. ठाण्याचा एक मुलगा सरळ म्हणाला, "काकू, वापरायचा नाही तर लावलाय कशाला?" काय उत्तर देणार? फोटोत बरा दिसतो म्हणून लावला होता. प्लंबरला बोलावून काढून घेतला, वीस लिटरची बादली ठेवली, फोटो बदलला. आता जो बुकिंग करतो तो बादली बघूनच करतो.

मग हिशोब मांडला. प्रत्येक होमस्टेवाल्याने हा मांडावा. वरची टाकी १००० लिटरची. अंघोळ, संडास, हातपाय, थोडे कपडे, असं माणशी ७५ लिटर धरलं तर चार माणसांना दिवसाला ३००. म्हणजे टाकी तीन दिवस पुरते, चौथ्या दिवशी हौदातलं वर चढवावं लागतं. ते माझं काम, पाहुण्याचं नाही. पण माणसं नऊ झाली तर दीड दिवसात टाकी खडखडीत. "चौघांपेक्षा जास्त उतरू नये" हा नियम आधी आमच्याकडे नुसता होता, लोक तो मोडायचे. आता त्याच्यापुढे टाकीचा हिशोब लिहिलाय. तेव्हापासून लोक निदान फोन करून विचारतात.

विचारत नसत तेव्हाची गोष्ट सांगते. नवरात्रात एका कुटुंबाने चौघांचं बुकिंग केलं आणि संध्याकाळी दारात क्रूझर थांबली. उतरायला लागले ते थांबेचनात. अकरा. "लहान पोरं धरत नाहीत हो ताई!" लहान पोरांतल्या एकाला मिसरूड फुटलेली. देवीला निघालेली माणसं, रात्रीच्या वेळी परत कुठे पाठवणार? गच्चीत सतरंज्या टाकल्या, सोलापूरच्या चादरी दिल्या. पहाटे साडेपाचला नळाने घरघर केली आणि बंद पडला. तोंडाला साबण लावलेला एक माणूस जिन्यात उभा राहून "ओ ताई" म्हणून हाका मारतोय. मी घागरीने पाणी वर नेलं. तेव्हा मला राग आला होता, आणि तो योग्यच होता असं आजही वाटतं. माणसांच्या संख्येचा नियम जाचक आहे असं कुणी म्हणालं तर मी ऐकून घेणार नाही. दोन लहान मुलं वर चालतात, त्यांचं वेगळं काही घेत नाही. पण आधी सांगा.

दारापाशी मी शाळेतल्यासारखी पाटी ठेवली आहे. पाणी कोणत्या दिवशी येणार ते खडूने लिहिते. रात्री मोटर लावली की धडधड होते, ती कशाची हे पाहुण्याला आधी माहीत असलेलं बरं. घराने पाहुण्याला सहन करायला लावायच्या गोष्टीही नियमांच्याच कागदावर हव्यात. आमच्या जुन्या यादीत पाहुण्याने काय करायचं ते ३१ ओळी होतं, आमच्याकडून काय त्रास होईल याची एकही ओळ नव्हती.

उन्हाळ्याचंही तसंच. "एसी रात्री १० ते सकाळी ६ या वेळेतच" असं आम्ही लिहिलं होतं. एप्रिल-मेमध्ये इथे पारा ४३-४४ वर जातो. दुपारी दोनला तुळजापूरहून आलेल्या माणसाला रात्री दहापर्यंत भाजत ठेवायचं? तान्हं बाळ घेऊन आलेल्या एका मुलीने भीत भीत विचारलं, "दुपारी अर्धा तास लावला तर चालेल का?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आता उन्हाळ्यात खोलीचं भाडं २०० रुपयांनी जास्त आहे आणि एसीचा नियम नाही. वीजबिल भाड्यात धरा, पाहुण्याच्या मनावर लादू नका.

वेळा ठरवताना रेल्वेचं टाइमटेबल समोर ठेवा

चेक-इन दुपारी १२, चेक-आउट सकाळी १०. सगळे असंच लिहितात, आम्हीही लिहिलं. पण मुंबईहून सिद्धेश्वर एक्स्प्रेस सोलापुरात सकाळी साडेसहा-सातच्या सुमारास येते. रात्रभर गाडीत बसून आलेला माणूस १२ वाजेपर्यंत काय करणार? खोली रिकामी नसेल तर ती देता येणार नाही, हे योग्य आहे. मावशींना झाडलोट करायला, चादरी बदलायला दोन तास लागतात. पण सामान ठेवायला, तोंड धुवायला, चहा प्यायला खालची खोली आहे ना? मी आता लिहिते: "खोली १२ ला. सामान आणि हातपाय धुवायची सोय सकाळी ६ पासून खाली." बहुतेक जण पिशव्या टाकून सिद्धेश्वराला जाऊन येतात, तळ्याकाठी बसतात, नाश्ता करून साडेअकराला हजर.

रात्रीचं उलटं. "रात्री १० नंतर गेट बंद, प्रवेश मिळणार नाही." मुंबईची वंदे भारत सोलापुरात पोहोचते साडेदहा-पावणेअकराला. म्हणजे स्वतःच बुकिंग घ्यायचं आणि स्वतःच गेटबाहेर उभं करायचं! गड्ड्याच्या दिवसांत तर विचारूच नका. संक्रांतीला होम मैदानावर यात्रा, नंदीध्वजांची मिरवणूक, रस्ते बंद. लोक त्यासाठीच आलेले असतात आणि मध्यरात्रीनंतर परततात. दवाखान्यात रात्रपाळी करणाऱ्या नातेवाइकालाही दहाचा नियम कसा लावणार? गेटची एक किल्ली पाहुण्याला देऊन टाकली. नियम एवढाच राहिला: दहानंतर जिन्यात आवाज नको, खाली आम्ही झोपलेलो असतो आणि शेजारी बारावीची मुलगी आहे. मुलीचं कारण लिहिल्यापासून लोक खरंच चपला हातात घेऊन जिना चढतात. तिची बारावी होऊन दोन वर्षं झाली, ओळ अजून तशीच आहे. ही माझी लबाडी.

साफसफाई, म्हणजे नऊ नंबर

पाहुण्याकडून साफसफाईचे पैसे घेत असाल तर त्याच्याकडून साफसफाई करून घेऊ नका. आमचा हिशोब साधा होता. ३०० पैकी २०० मावशींना, बाकी फिनेल, साबण, धुणं. आजींनी फरशी पुसली, आजोबांनी घड्या घातल्या, त्या दिवशी मावशी आल्या आणि दहा मिनिटांत मोकळ्या झाल्या. पैसे तेवढेच दिले, द्यायलाच हवे होते. पण आजींच्या कामाचे पैसे कुणाला मिळाले? मी आजोबांना ३०० परत करायला गेले, तर ते घेईनात. शेवटी शेंगाचटणीची अर्धा किलोची पिशवी आणि कडक भाकरी बांधून दिल्या.

हे फक्त आपल्याकडचं नाही. घरं-खोल्या भाड्याने मिळतात त्या एअरबीएनबीवर जगभर लोक हीच तक्रार करत होते की पैसे भरून वर चादरी काढा, कपडे धुवायला लावा, व्हॅक्यूम मारा असं घरमालक सांगतात. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये कंपनीच्या प्रमुखांनी जाहीर सांगितलं की असली कामं पाहुण्याला लावू नयेत. दिवे बंद करणं, उरलेलं अन्न कचऱ्यात टाकणं, दार लावणं एवढं मागणं रास्त. मुलीने मला हे वाचून दाखवलं तेव्हा ह्यांनी पेपरातून डोकं वर काढलं आणि म्हणाले, "मग आपण काय वेगळं सांगत होतो?" मी काही बोलले नाही.

मागावं एवढंच: ओला कचरा आणि सुका कचरा वेगळ्या डब्यात, कारण घंटागाडीवाला वेगळाच मागतो. गिझर, पंखे बंद. चहाची भांडी विसळली तर बरं, कारण मुंग्या. किल्ली खुंटीवर. चादरी तशाच राहू द्या. खरं तर घडी घातलेली चादर मला परत उलगडूनच बघावी लागते.

डाग: एकच नियम, पण कारणासकट

आमच्याकडे येणाऱ्यांच्या कपाळाला, हाताला, कधी अख्ख्या अंगाला हळद-कुंकू असतं. तुळजापूरचं कुंकू, इथल्या बाळे गावच्या खंडोबाचा भंडारा. सुरुवातीला हॉटेलसारख्या पांढऱ्याशुभ्र चादरी आणल्या होत्या आणि वर नियम: "चादरीस डाग पडल्यास रु. ५०० आकारले जातील." सोलापुरात राहून पांढऱ्या चादरी विकत आणणारी मी एकटीच असेन. मार्गशीर्षातल्या एका रविवारी बाळ्याहून आलेल्या बाईंनी चादरीवरचा हळदीचा डाग साबणाने घासला, तर पिवळ्याचा लालभडक झाला. त्या घाबरून रडायच्या बेतात. त्यांना वाटलं आपण काही भलतंच केलं. हळदीला साबण लागला की ती लाल होतेच, आपल्या आयांना माहीत होतं. अशी चादर नुसत्या पाण्यात नीट खळबळून कडक उन्हात घालायची. दोन-तीन उन्हं लागली की हळद आपोआप उडते, आणि सोलापुरात उन्हाला काय तोटा! त्या बाईंचे ५०० घेतले नाहीत, पण नियम वाचून त्यांनी ते आधीच पर्समधून काढून हातात धरलेले होते. ती नोट मला अजून दिसते.

पांढऱ्या चादरी विकून टाकल्या. आता सोलापुरीच, गडद तपकिरी आणि मरून, जाळीदार नक्षीच्या. अंथरायला आणि पांघरायलाही. नियम असा: "डाग पडला तर साबण लावू नका, मला हाक मारा. पैसे लागत नाहीत." गेल्या वर्षभरात डाग लपवून गेलेलं कुणी आठवत नाही.

नुकसानीचे पैसे घ्यायचेच तर वस्तूची खरी किंमत घ्या, दंड लावू नका. गेटची किल्ली हरवली तर नवीन करायला जे लागतील ते. कप फुटला तर काही नाही. घरात कप फुटतातच.

कोण राहू शकतं

इथे लोक अडखळतात. आमच्या यादीत २७ नंबरला होतं: "केवळ कुटुंबासाठी. विवाहित असल्याचा पुरावा आवश्यक." हे लिहायला शेजाऱ्यांची भीती होती, दुसरं काही नाही. दोन सज्ञान माणसं एका खोलीत राहिली तर तो गुन्हा होत नाही. मद्रास उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये कोइमतूरच्या एका प्रकरणात हे स्पष्ट सांगितलंय. मी आता सगळ्यांकडून ओळखपत्र घेते, सज्ञान आहेत ना बघते, रजिस्टरला नोंद करते. लग्नाचं विचारत नाही. ह्यांना हे पूर्ण पटलेलं नाही, ते अशा वेळी पेपर घेऊन गच्चीत जातात.

जात, धर्म तर विचारूच नये, आडनावावरून अंदाजही बांधू नये. सोलापुरात एका गल्लीत मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू चारही भाषा ऐकू येतात, इथल्या माणसाला हे सांगायची गरज पडू नये. पण पडते.

ओळखपत्र मागणं रास्त, त्याची झेरॉक्स टेबलावर पडू देणं चुकीचं. आधारचा नंबर झाकलेली प्रत मिळते, शेवटचे चारच आकडे दिसतात, तीच मागा. परदेशी पाहुणा असेल तर त्याची माहिती २४ तासांत ऑनलाइन कळवावी लागते. घरगुती सोय आहे म्हणून सूट नाही.

कॅमेरा गेटवर लावा आणि लावलाय असं लिहा. घराच्या आत नको. एअरबीएनबीनेही ३० एप्रिल २०२४ पासून घरातले कॅमेरे बंदच केले.

एखादा नियम बिनकारणाचा चालतो

आमच्या वरच्या स्वयंपाकघरात मटण-मासे शिजवू देत नाही. उजव्या रकान्यात मी बराच वेळ पेन धरून बसले. वास? भांडी? खरं कारण एकच, आमची पद्धत. मग तसंच लिहिलं: "आमच्याकडे शिजवत नाही. बाहेरून आणून गच्चीत खाल्लं तर चालेल, पत्रावळ्या देऊ." सोलापुरात येऊन मटण-भाकरी खाऊ नका असं कुठल्या तोंडाने सांगू? पण घर आपलं आहे, एखाद-दुसरी गोष्ट नुसती पद्धत म्हणून मागायचा हक्क आहे. मात्र ती फोटोखालीच लिहिलेली हवी, पैसे भरल्यानंतर दाराच्या मागे नको. दारूचंही तसंच. आमची गच्ची शेजाऱ्यांच्या गच्चीला लागून आहे, नको म्हणजे नको.

उतरणाऱ्यांनी काय बघावं

आम्ही दोघं एकदा कोकणात गेलो होतो. समुद्र घरापासून शंभर पावलांवर, फोटोतही तेच. पैसे भरले, पोहोचलो, मग कागद हातात दिला. त्यात "बाथरूममध्ये वाळू आढळल्यास डिपॉझिट जप्त." समुद्रावर बांधलेलं घर, पाय धुवायला बाहेर नळ नाही, आणि वाळू आणायची नाही! निघताना त्यांनी बोट फिरवून वाळू दाखवली आणि १००० रुपये ठेवून घेतले. ह्यांनी परतीच्या गाडीत घाटापर्यंत भाषण केलं. मी गप्प बसून आमच्याच दाराच्या मागचा कागद आठवत होते.

तेव्हा, पैसे भरण्याआधी नियम मागवा. "पोहोचल्यावर सांगतो" म्हणाले तर दुसरं घर बघा. वाचताना बोट ठेवून मोजा: किती ओळी काम लावणाऱ्या, किती दंडाच्या, किती वेळेच्या. दंडाच्या ओळी जास्त असतील तर त्या घराचं उत्पन्न कुठून येतंय ते ओळखा. एखादा नियम खटकला तर मोडण्याआधी फोन करून कारण विचारा. ज्याच्याकडे कारण आहे तो लगेच सांगतो, ज्याच्याकडे नाही तो चिडतो. आणि अकरा जण असाल तर अकरा सांगा हो. जागा करून देता येते, पाणी आयत्या वेळी करता येत नाही.

कागद लिहिताना

"सक्त मनाई" काढा. नियम आणि कारण एकाच वाक्यात लिहा. अक्षर मोठं ठेवा, कारण तीर्थयात्रेला निघालेले निम्मे लोक चष्मा पिशवीत तळाशी ठेवतात. आमच्याकडे कलबुर्गी, विजयपूर, हैदराबादकडचे बरेच येतात, म्हणून शेजारच्या वहिनींकडून कन्नडमध्ये आणि मावशींच्या मुलीकडून तेलुगूत लिहून घेतलं. मावशींच्या मुलीने तेलुगूत एक ओळ स्वतःची घातली होती. वर्षभराने कळलं. "जिन्याच्या तिसऱ्या पायरीला ठेच लागते, जपून." आम्हाला ३१ नियम सुचले होते, ते एवढं सुचलं नव्हतं. आता मराठीतही आहे.

आमचा कागद सध्या असा आहे:

चार माणसं आणि दोन लहान मुलं, कारण टाकी १००० लिटरची आहे. जास्त असाल तर आधी फोन करा.
अंघोळीला बादली. पाणी चार-पाच दिवसांआड येतं, दिवस पाटीवर बघा.
रात्री १० नंतर जिन्यात हळू. खाली आम्ही झोपलेले असतो, शेजारी बारावीची मुलगी आहे. गेटची किल्ली तुमच्याकडे आहे, कितीही वाजता या.
डाग पडला तर साबण लावू नका, हाक मारा.
ओला-सुका कचरा वेगळा. निघताना गिझर बंद, किल्ली खुंटीवर. बाकी काही आवरू नका.
मटण-मासे वर शिजवत नाही, दारू नको. बाहेरचं जेवण गच्चीत चालेल.
तिसरी पायरी जपून.

आणि खाली पाटी. आज तिच्यावर आहे: "पाणी बुधवारी रात्री. मोटर लागेल, झोपमोड होईल. सकाळचा चहा आमच्याकडून."